बटणसाहेबांची पेटी

— नाही नाही, ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. एका माणसाला किती पेट्या लागतात? एकच लागते. आणि तीही एकदाच. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, सुतारकीत सगळ्यांत निवांत काम हेच — खुर्ची करून दिली की चार दिवसांनी माणूस दारात, पाय डगमगतो म्हणून. कपाट दिलं की दार अडकतं म्हणून. पण शवपेटीचं गिऱ्हाईक कधी तक्रार घेऊन परत आलंय का? कधीच नाही. तर तुमचे सासरे तेवढे परत आले. परत परत आले. आता तुमच्या कारखान्याच्या मॅनेजरनं ते फोनवर कसं सांगितलं असेल ते मला माहीत नाही, पण तुम्ही इतक्या लांबून एकट्या गाडी करून आलात, त्यावरून तिखटमीठ लावूनच सांगितलं असणार. — बसा ना. ते स्टूल नको, त्याच्यावर गोंद सांडलाय. इथं बसा, या झाकणावर. अहो, कोरी आहे! कुणी वापरलेली नाही! बरं, राहा उभ्या. सगळे आधी उभेच राहतात. साहेबसुद्धा पहिल्या दिवशी उभेच होते, खिशात हात घालून, जणू काही भुसा खिशात शिरेल.

मी साहेब म्हणते, तुम्ही बाबा म्हणत असाल. गाव बटणसाहेब म्हणतं — तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे. कारखाना बटणांचा, मग दुसरं काय म्हणणार? इथं कुणाचाही शर्ट बघा, बटण साहेबांचंच. आणि खरं सांगू, राग मानू नका, पण साहेबांना माणसंसुद्धा बटणावरूनच लक्षात राहायची. नाव नाही, गाव नाही. 'तो चार भोकांचा तपकिरी आला होता का?' म्हणजे आमचे पाळकसाहेब! चर्चचे पाळक, ज्यांच्यासमोर हे दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचे, ते यांच्या लेखी चार भोकांचे तपकिरी. मी तर कोण, माझ्या झग्याला मागं हूक आहेत, म्हणजे मी नव्हतेच.

तर पहिल्यांदा आले ते कशामुळं, सांगते. त्यांचे ते मित्र, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखानदार — ते वारले. एवढा मोठा माणूस, आणि मुलांनी पेटी आणली प्लायवूडची, बाहेरून चकचकीत कागद लावलेली. माझ्याकडून नाही हां! चर्चच्या पायऱ्या उतरताना तळ असा करकरला म्हणता — वाजंत्रीवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. सगळे श्वास धरून उभे. पोचली कशीबशी. पण साहेब त्या पेटीच्या मागेच चालत होते, त्यांनी तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात. 'बाई, मुलांवर सोपवलं की असं होतं. माझी मीच करून ठेवणार.' — तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, ते तुमच्याबद्दल नव्हतं. म्हणजे, होतं थोडं. पण तेव्हा ते सगळ्यांबद्दलच तसं बोलायचे.

सागवान हवं म्हणाले. आतून मखमल, तीही गादीसारखी टाचलेली, आणि टाक्या-टाक्यावर त्यांच्याच कारखान्यातलं शिंपल्याचं बटण. कड्या पितळी. मी म्हटलं, 'साहेब, ही खाली जाणार आहे, वर नाही.' हसले नाहीत. तेव्हा हसायचेच नाहीत. पेटी झाली, तर म्हणाले, माप बघू — आणि बूट काढून, आत आडवे! डोळे मिटले, हात छातीवर घेतले, आणि म्हणतात काय, 'खांद्यात आवळतंय.' मी म्हटलं, 'साहेब, तुम्ही श्वास घेताय म्हणून.' तेव्हा मात्र पोटातल्या पोटात काहीतरी हललं त्यांच्या. मी पाहिलं ना.

आता एवढी पेटी बंगल्यावर ठेवायची कुठं? नोकर पळून जातील. म्हणून इथंच ठेवली, त्या भिंतीशी. आणि मग दर दोन-चार दिवसांनी यायला लागले. तिला बघायला! खिशातून रुमाल काढायचा, कड्या पुसायच्या, झाकण उघडून बटणं चाचपायची, परत जायचं. लोक आजारी आत्याला बघायला जातात तसं. आमच्याकडे शिकवतात ना, जिथं धन ठेवाल तिथंच मन घुटमळतं म्हणून — मी लहानपणापासून ऐकत आले, पण एखाद्याचं मन माझ्या दुकानात, रंध्याच्या टेबलामागं घुटमळताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग तो रविवार आला. पाळकसाहेबांनी दृष्टांत घेतला — तो श्रीमंत माणूस, ज्याची शेतं एवढी पिकली की धान्य ठेवायला जागा पुरेना. मग तो म्हणतो, कोठारं पाडतो, मोठी बांधतो, आणि जिवाला सांगतो, बाबा रे, आता खा, पी, मजा कर, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली. आणि देव म्हणतो, अरे वेड्या, आज रात्रीच तुझा जीव मागून घेणार, मग हे सगळं कुणाचं? — झालं! साहेब चर्चमधून तडक इथं. रविवारी मी बंद ठेवते, तरी दार ठोठावलं. तोंड लाल. 'त्या माणसाची चूक काय? तो नियोजन करत होता! चोरी केली? कुणाला फसवलं? कोठार मोठं बांधणं हे पाप? मग मी काय पाप्यांचा सरदार?' आणि मी आपली भांडी घासत होते. मी काही शिकलेली नाही, ताई, पण तो दृष्टांत मला नेहमी विचित्र वाटायचा, आणि तो का विचित्र वाटतो ते त्या दिवशी हातात पातेलं असताना तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, 'साहेब, चूक माहीत नाही मला. पण त्या अख्ख्या गोष्टीत तो माणूस बोलतो कुणाशी? स्वतःशीच. मी काय करू, मी असं करीन, माझं धान्य, माझ्या जिवा. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. एवढं पिकलं, तर "या हो, बघा केवढं पिकलंय" म्हणून सांगायलाही कुणी नाही. देव बोलतो त्याच्याशी, तो पहिलाच. मला तर बाई त्याची दयाच येते.'

तोंडाचा तो लाल रंग उतरला. त्या खिडकीशी गेले, आणि म्हणाले — मला वाटतं मला नव्हतेच म्हणत — 'मी पण घरी स्वतःशीच बोलतो. जेवताना. मीठ कमी आहे, असं मोठ्यानं म्हणतो.' आणि गेले. मला इतकं वाईट वाटलं! मी पातेलं ठेवलं आणि खाली बसले. कारण मीठ कमी आहे असं मीही म्हणतेच की, आमचे हे गेल्यापासून. पण माझी गल्ली आहे. मी मोठ्यानं म्हटलं तर पलीकडची खिडकीतून मीठ देते. त्या बंगल्याला केवढी मोठी भिंत, तुम्ही पाहिलीच आहे.

त्यानंतर ते रोज यायला लागले. पेटी पुसायचं निमित्त, बोलायचं असायचं. काहीबाही. बटण कसं पाडतात, शिंपला कसा घासतात. मला काय, माझे हात चालू, कान मोकळे.

आणि मग इस्त्रीवाली गेली. तुम्ही तिला पाहिलं नसेल. आमच्या गल्लीच्या तोंडाला नवरा-बायको इस्त्री करायचे, बंगल्यातले कपडेही त्यांच्याकडेच. ठेंगणी, बडबडी, अंगानं अशी मूठभर. ताप आला, अंगावर काढला, आणि गेली. दिवस उन्हाळ्याचे, संध्याकाळच्या आत दफन करायलाच हवं. तिचा नवरा आला इथं, हातात टोपी. म्हणाला, 'बाई, कसल्याही फळ्या चालतील.' तयार माझ्याकडे काही नव्हतं. फळ्या काढल्या, करवतीचं यंत्र लावलं, आणि वीज गेली. गेली ती गेली. हातकरवत घेतली, पण एकटीनं किती ओढणार? घाम निथळतोय, फळी हलत नाही, तो माणूस दाराशी उकिडवा बसलेला, रडतही नाही. आणि कोपऱ्यात साहेब, रुमालानं कडी पुसतायत. पुसतायत. तीच कडी. थांबतच नाहीत.

मी काही बोलले नाही हां, ताई. शपथेवर सांगते. तुमच्या मॅनेजरला वाटतं मी गळ घातली. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही — म्हणजे एकदा पाहिलं, पण लगेच मान फिरवली.

साहेबांनी विचारलं, 'उंची किती होती तिची?' इस्त्रीवाल्यानं हात धरून दाखवला, खांद्याच्या खाली. साहेब म्हणाले, 'मग जागा राहील.' मला कळलंच नाही काय म्हणतायत. मग म्हणाले, 'घेऊन जा. ही.' मी करवत टाकली. तो माणूस उठून उभा राहिला, त्यालाही खरं वाटेना. आणि तुम्हाला आता वाटेल, वा, काय मन! थांबा. लगेच म्हणतात, 'पण कड्या नाहीत द्यायच्या. पितळ आहे ते.' आणि माझ्या टेबलावरचा पेचकस उचलला, आणि स्वतः गुडघ्यावर बसून कड्या काढायला लागले! कारखान्याचा मालक, कोट घातलेला, स्क्रू सोडवतोय. एक कडी निघाली. दुसरीचा एक स्क्रू निघाला. आणि तो इस्त्रीवाला — बिचारा अगदी हळू, जणू त्याचीच काही चूक झालीय — म्हणाला, 'साहेब, पण मग धरायची कुठं?'

बघा ताई, मी आजवर कितीतरी प्रवचनं ऐकली, पण कुणाच्या तोंडावर एवढं लख्ख काही उमटलेलं मी पाहिलं नाही. साहेब तसेच गुडघ्यावर. हातात कडी. कडीकडे बघतात, पेटीकडे बघतात. मग हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग रडत होते की हसत होते कोण जाणे. म्हणाले, 'खरंच की. धरायची कुठं!' आणि कडी परत बसवली. मला बसवू दिली नाही, स्वतःच बसवली, स्क्रू वाकडा गेला तो काढून पुन्हा सरळ बसवला. आणि मग त्यातली एक कडी धरून ते स्वतः चालले. सबंध गल्लीतून. लोक दारात येऊन बघतायत, इस्त्रीवालीची अंत्ययात्रा, सागवानी पेटीतून, शिंपल्याच्या बटणांवर निजलीय राणीसारखी, आणि पुढच्या अंगाला कडी धरून कोण, तर बटणसाहेब! कबरस्तानात त्यांनीच पहिली मूठ माती घातली. परत येऊन इथं, त्या न कापलेल्या फळ्यांवर बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, 'बाई, फार हलकं वाटतंय. काहीतरी बिघडलंय का माझं?'

मी म्हटलं, 'बिघडलेलं सुधारलंय.' तर एकदम उसळले! 'फाजीलपणा नको. तशीच दुसरी कर. अगदी तशीच. आणि ती कुणाला द्यायची नाही.'

केली. तीही गेली. रात्रशाळेचे म्हातारे मास्तर वारले, मागं-पुढं कुणी नव्हतं त्यांना. साहेबांनीच दिली, वर मलाच रागावले, 'तू पुन्हा तयार का ठेवलीस?' मग तिसरी, ती झाडूवाल्याच्या आईला. आता मखमल गेली, टाचलेली बटणंही गेली, साधा पांढरा कपडा असतो. पण कड्या पितळी. त्या बाबतीत ऐकत नाहीत. 'धरायला नीट हवं,' म्हणतात. दर वेळी नवी सांगताना तेच, 'ही माझी हां, बाई, ही मुळीच द्यायची नाही.' सगळ्या गल्लीला पाठ झालंय. पोरंसुद्धा म्हणतात, साहेबांच्या पेटीत जाणार म्हणून! — हसलात. चला, हसलात एकदाचं. बसा आता. बसा, काही होत नाही.

आणि नुसती पेटी पाठवून देत नाहीत, हे तुमच्या मॅनेजरनं सांगितलं का? त्या घरी जाऊन बसतात. इस्त्रीवाल्याकडे तर दर आठवड्याला. तो इस्त्री करतो, हे त्याच्या निखाऱ्यांवरची राख सारतात. नावं पाठ झालीत सगळ्यांची. पाळकसाहेबांना परवा नावानं हाक मारली, तर पाळकसाहेब मागं वळून बघायला लागले, दुसऱ्या कुणाला म्हणतायत म्हणून. पण संत झाले असं समजू नका हं! अजून सुतळीचा तुकडा गुंडाळून खिशात घालतात. नळ टपकला तर माझी हजेरी घेतात. पाळकसाहेबांनी एकदा चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं, तर मधेच उठून म्हणाले, 'बसा खाली, कौतुक नको, छप्पर गळतंय ते बघा.' चिकटपणा जात नाही हो. फक्त आता तो स्वतःपुरता उरलाय.

— तर तुम्ही त्यांना घेऊन जायला आलात. माहीत आहे मला. नाही, मॅनेजर नाही, तुमच्या पिशवीतून ते नवीन स्वेटर दिसतंय, तिकडच्या थंडीचं. चांगलं आहे. लोकर मऊ आहे. मुलाला वडिलांची काळजी वाटणारच, आणि वाटावी. माझं काही म्हणणं नाही. न्या. चार दिवस न्या. फक्त तिकडे ते कुणाशी बोलतील तेवढं बघा. तुम्ही दोघं कामावर जाणार, दिवसभर घरात ते आणि भिंती. त्यांना दुपारी इथं डबा खाताना बोलायची सवय झालीय. आणि भाजी फार शिजलेली आवडत नाही. आणि उजव्या कानानं कमी येतं, पण ते कबूल करणार नाहीत, म्हणून डावीकडून बोलायचं, आणि माप घ्यायला आडवे झाले की मान अवघडते, म्हणून काल मी उशी ठेवली, तर त्या उशीवर डोकं टेकून म्हणतात काय — जाऊ दे. काही नाही. काहीबाही म्हणतात.

नाही हो, काही नाही. खरंच.

— आता तुम्ही असं बघताय म्हणून. काल नव्या पेटीचं माप बघायला आडवे झाले होते. मी इकडे खिळा ठोकतेय. आणि आतूनच, डोळे मिटूनच म्हणतात, 'बाई, यात दोघं मावणार नाहीत. पण घरात जागा पुष्कळ आहे.' हे बघा. हा अंगठा बघा. काळानिळा झालाय. हातोडी सरळ अंगठ्यावर! या वयात! माझा मुलगा असता तर तुमच्या वयाचा असता. मी म्हटलं, 'साहेब, उठा आधी, पेटीत पडून कुणी मागणी घालत नाही.' तर उठून बसले, केसांत भुसा, आणि परत विचारलं. नीट विचारलं. मी नाही म्हटलं. मग काय म्हणणार? लोक काय म्हणतील? पेटीवालीनं साहेबांना जिवंतपणीच पेटीत घातलं! तुमचा मॅनेजर काय म्हणेल? तुम्ही काय म्हणाल? मी माझ्या हातानं मिळवून खाल्लंय आजवर, कुणाच्या दारात उभी राहिले नाही, मला नको बंगला. रात्री झोप नाही ती नाहीच. सकाळी पाळकसाहेबांकडे गेले, म्हटलं, श्रीमंताच्या घरात शिरणं बरं का? वाटलं होतं पाठ थोपटतील. तर म्हणतात, 'लोभ काय फक्त बंगल्याचा असतो? काहीजण आपली गरिबीसुद्धा तिजोरीत घातल्यासारखी जपतात, कुणाला हात लावू देत नाहीत.' आणि चहाचा कप पुढं केला! चार भोकांचे तपकिरी! मी चहा न पिता आले. रागच आला. आणि वाटभर विचार करत आले, की मला राग येतोय तो पाळकसाहेब खोटं बोलले म्हणून, की —

— गाडी आली वाटतं. त्यांचीच. आवाजच ओळखू येतो, हॉर्न नको तिथं वाजवतात. आता हे बघा ताई, मी काही सांगितलेलं नाही तुम्हाला. अंगठा दारात सापडला, एवढंच म्हणाले मी. तुम्ही पेट्यांबद्दल विचारलंत, मी पेट्यांबद्दल सांगितलं. तुम्ही त्यांच्याशी बोला, न्यायचं तर न्या, मी मधे येणार नाही. माझ्या केसांत भुसा आहे का? — नाही, राहू दे, काढू नका. अहो, काय हे, तुमचे हात खराब — थांबा, मीच —

काय म्हणालात?

नाही. पुन्हा म्हणू नका. ऐकू आलं मला. 'सासूबाई' म्हणालात, ऐकू आलं.

जा. जा तुम्ही, दार उघडा त्यांना. मी आलेच.